स्वस्तातला रेडिओ

जावयाने सासुरवाडीला यावं, पोटभर जेवावं, दुपारी आडवं पडावं आणि निघताना सासूच्या हाताला काय चव आहे म्हणून एखादी गोड थाप मारावी. यापलीकडे त्याच्याकडून कुणी काही मागत नाही. पण मावशींच्या जावईबापूंना स्वस्थ बसवत नव्हतं. दहा दिवसांची रजा काढून बायकोबरोबर आले, ते डोक्यात किडा घेऊनच आले. पहिल्या दिवशी त्यांनी नळाचा वायसर बदलला. नळ आधी थेंबथेंब गळायचा, तो आता धार धरून गळू लागला. दुसऱ्या दिवशी मागच्या दाराची कडी सरळ केली. तेव्हापासून ते दार लावायला दोन माणसं लागत होती. आणि तिसऱ्या दिवशी त्यांची नजर मावशींच्या गाडीवर गेली.

मावशींना सगळी गल्ली 'कडक मावशी' म्हणायची. त्यांची लाँड्री होती, आणि कपड्याला खळ किती आणि माणसाला धाक किती, या दोन्हींचं प्रमाण त्यांच्या हातात बसलेलं होतं. नवरा गेल्यावर पन्नाशीत त्या गाडी चालवायला शिकल्या, कारण गाठोडी पोचवायला ठेवलेला ड्रायव्हर गाठोड्यांवरच झोपायचा. शाळेचं म्हणाल तर दुसरीपर्यंत. दुकानांच्या पाट्या वाचता यायच्या, अक्षर मोठं असलं आणि घाई नसली तर. पण हे त्यांनी कधी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

गाडीतला टेप गाडीइतकाच जुना. डावीकडून गायचा, उजवीकडून खोकायचा.

"आई, हा टेप म्हणजे भंगार आहे हो," जावईबापू डॅशबोर्डवर टिचक्या मारत म्हणाले. "आता याला कुणी विचारत नाही. मी मस्त स्क्रीनवाला लावून देतो."

"मी काय गाडीत बसून नाटक बघणार आहे?"

"स्क्रीनवर सगळं असतं. आणि दुकानात जायचंच नाही. दुकानवाले नुसत्या बसवण्याचेच केवढे घेतात! मी स्वतः बसवतो. निम्म्यात काम."

"तुम्ही विम्याच्या ऑफिसात आहात ना?"

"व्हिडिओ बघितलेत मी. पाच."

"मग काय," मावशी म्हणाल्या, "पाच बघून माणूस डॉक्टर होतो. टेपवाला होईल त्यात नवल काय."

लेक मध्ये पडली. "आई, करू दे ना गं. तुझ्यासाठी काहीतरी करायचं म्हणून तळमळतोय तो. लग्नात तू त्याला चारचौघांत म्हणाली होतीस, याला दिवा लावता येत नाही. अजून विसरला नाहीये."

"मी तरी कुठे विसरलेय," मावशी म्हणाल्या. पण लेकीच्या तोंडाकडे बघून त्यांनी चावी पुढे केली. चावी देताना त्यांना वाटलं, आपण कसायाच्या हाती सुरी देतोय, आणि बोकड आपणच आहोत.

आता एक गोष्ट सांगायला हवी, जी जावईबापूंना ठाऊक नव्हती आणि मावशींनी सांगितली नव्हती. मावशी तो टेप गाण्यासाठी लावतच नसत. गाडीतलं घड्याळ त्या टेपमध्ये होतं, आणि त्याहून मोठं घड्याळ रेडिओत. त्यांचं मोठं काम म्हणजे सरकारी दवाखान्याच्या चादरी, अभ्रे आणि ऑपरेशनचे हिरवे कपडे. सकाळी सातच्या आत मागच्या दाराशी पोचवायचे. सात वाजता स्टोअरकीपर दार लावून घ्यायचा, आणि त्याचं दार एकदा लागलं की विनंतीने उघडत नसे. वाटेत रस्ता फुटायचा. जवळची वाट रेल्वेच्या फाटकातून, लांबची पुलावरून. फाटकात मालगाडी आडवी आली की मेलंच. तर मावशींचा हिशोब असा होता: फाट्यावर आल्यावर रेडिओवर खेळाच्या बातम्या चालू असल्या तर फाटक उघडं, बिनधास्त जायचं. हवामान सुरू झालं असलं तर फाटक आता पडणार, गाडी पुलाकडे वळवायची. बारा वर्षं मावशींना कुठल्या संघाने कुणाला हरवलं याच्याशी घेणंदेणं नव्हतं, पण एका दिवशीही त्यांनी खेळाच्या बातम्या चुकवल्या नव्हत्या.

मनगटावर घड्याळ घालावं तर दिवसभर हात खारात आणि वाफेत. तीन घड्याळं मेली, मग त्यांनी नाद सोडला. फोन म्हणाल तर लाँड्रीत एकच, आणि तो गिऱ्हाइकांसाठी तिथेच राहायचा.

पार्सल आलं. जावईबापूंनी अंगणात चादर अंथरली (दवाखान्याची, मावशींनी ओढून घेतली, मग पोतं दिलं) आणि डॅशबोर्ड उघडला. आतून तारांचा असा झुबका बाहेर आला की जावईबापूंच्या तोंडाला फेसच यायचा बाकी राहिला. जुन्या तारांना बसणारं तयार सॉकेट वेगळं विकत मिळतं, पण तेही वाचवायचं ठरलं होतं. बजेट म्हणजे बजेट. त्यांनी जुनं सॉकेट पकडीने कापून टाकलं आणि तारेला तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. संध्याकाळपर्यंत चार स्क्रू उरले.

"हे कुठले?" मावशींनी विचारलं.

"जास्तीचे असतात कंपनीचे."

"हो का! मोठ्या मनाची कंपनी आहे."

चावी फिरवली आणि स्क्रीन झळकली. लाल, निळी, हिरवी. एक बाई परक्या भाषेत स्वागत करून गेली, मागोमाग बँड वाजला. लेकीने टाळ्या वाजवल्या. जावईबापूंनी बोटाने इकडेतिकडे सरकवत मावशींचं रेडिओ स्टेशन लावलं, घड्याळ लावलं आणि छाती पुढे काढून बाजूला झाले. जुना टेप त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकला. मावशींनी तो कुणी बघत नाही असं पाहून उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि डिकीत स्टेपनीच्या खाली ठेवला. टाकाऊ कपड्याचंही पोछा म्हणून काही वर्षं आयुष्य असतं, ही त्यांची धंद्यातली शिकवण.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी चावी फिरवली. बाई आली, स्वागत केलं, बँड वाजला. घड्याळात बारा वाजलेले. रेडिओ नाही, स्टेशन नाही. स्क्रीनवर चौकटीच चौकटी, आणि प्रत्येक चौकटीखाली मुंग्यांसारखी बारीक, परक्या लिपीतली अक्षरं. मावशींनी एका चौकटीवर बोट ठेवलं, तर स्क्रीन हिरवी झाली. दुसरीवर ठेवलं, तर बाईने पुन्हा स्वागत केलं. मावशींनी तिचं स्वागत दोन शेलक्या शब्दांत परत केलं आणि निघाल्या. फाट्यावर अंदाजाने फाटकाची वाट धरली. फाटक पडलेलं. मालगाडीचे बावन्न डबे त्यांनी मोजले. दार लागायच्या बेतात असताना पोचल्या, म्हणजे स्टोअरकीपरचं नाक आणि कडी दोन्ही बाहेर होती.

"पाच मिनिटं उशीर. आज थांबलो," तो म्हणाला.

त्यांनी घरी येऊन जावईबापूंना सांगितलं. जावईबापूंनी पुन्हा घड्याळ लावलं, स्टेशन लावलं. "काहीतरी चुकून दाबलं गेलं असेल तुमच्याकडून, आई."

बोटं तर मावशींनी फिरवली होती खरी.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हा टेप रोज सकाळी नव्याने जन्माला यायचा. रात्रीचं काही आठवायचं नाही, कुणाची ओळख नाही, नुसतं आपलं स्वागत. त्याच्याशी झटापट करण्यात मावशींची दहा मिनिटं अंगणातच गेली. भीतीने पुलाची लांबची वाट धरली, आणि त्यामुळेच उशीर झाला. दार लागलेलं होतं. स्टोअरकीपरने या वेळी ते उघडलं, बारा वर्षांत पहिल्यांदाच, गाठोडी घेतली, आणि शांतपणे म्हणाला, "मावशी, मशीनवाल्या कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. तुमच्यापेक्षा स्वस्तात करतो म्हणतो. मी त्याला म्हटलं, आमच्या मावशी वेळेच्या पक्क्या आहेत. उद्या मला खोटं पाडू नका."

लाँड्रीच्या पाच कढया या एका दवाखान्यावर तापत होत्या. मावशी घरी आल्या त्या तणतणतच.

"जावईबापू, तुमचा टेप रोज सकाळी सगळं विसरतो. सासूचं घर कुणाचं ते तरी लक्षात आहे का विचारा त्याला."

"आई, एखादं साधं घड्याळ घेऊन टाका ना."

"बारा वर्षं मनगटी घड्याळाशिवाय वेळेवर गेले मी. तुम्ही घड्याळ घालून स्वतःच्या लग्नाला उशिरा आला होतात."

लेकीने हसू दाबलं. जावईबापूंनी सहावा व्हिडिओ पाहिला आणि ओरडले, "सापडलं! एक तार चावी फिरवल्यावर चालू होते, एक कायम चालू असते. कायमच्या तारेशी दोन्ही जोडल्या की विसरणारच नाही!" लगेच चिकटपट्टी सोडली, पिळलं, गुंडाळलं. चावी काढली तरी स्क्रीन चालूच. घड्याळ बरोबर, रेडिओ बरोबर. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो इथे घातला गेला, पण तेव्हा तो सगळ्यांना जमिनीवरच वाटला.

संध्याकाळी मावशी गाडीत गाठोडी भरायला गेल्या. स्क्रीन लखलखत होती. रेडिओवर कुणीतरी खो-खो हसत होतं. चावी तर त्यांच्याच कमरेला. हे बंद कसं करायचं? कुठेतरी बटण असेल, त्याखाली लिहिलेलंही असेल. स्वयंपाकघरातून जावईबापूंचा आवाज येत होता. एक हाक मारली असती तर काम झालं असतं. पण हाक मारायची म्हणजे "मला हे वाचता येत नाही" असं म्हणायचं, आणि तेही कुणाला, तर ज्याला दिवा लावता येत नाही त्याला! मावशींनी आवाज कमी करण्याची खूण तेवढी ओळखली, कारण तिथे कर्ण्याचं चित्र होतं. आवाज शून्यावर आणला. मग उजेड दिसू नये म्हणून गाठोड्यावर टाकलेला घरचा एक अभ्रा काढून स्क्रीनवर टाकला. आवाज नाही, उजेड नाही, म्हणजे बंद. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सकाळी चावी फिरवली, तर गाडी फक्त 'टक्' म्हणाली.

पुन्हा फिरवली. टक्.

मावशींनी अभ्रा उचलला. स्क्रीन मरायला टेकलेल्या माणसासारखी एकदा लुकलुकली आणि विझली. त्यांना सगळं एका क्षणात कळलं. स्क्रीनवरच्या मऊ पांढऱ्या अभ्र्याने रात्रभर काय केलं, ते. त्यांनी अभ्रा घाईघाईने घडी न घालता कमरेला खोचला. आयुष्यात पहिल्यांदा कापडाची घडी न घालता.

जावईबापू अनवाणीच धावत आले. बॉनेट उघडलं, बघितलं, बंद केलं. बॉनेटच्या आत त्यांना काही कळत नव्हतं हे त्यांच्या मानेवर दिसत होतं.

"बॅटरी उतरलीय. जुनी असेल."

"कालपर्यंत तरुण होती."

"मग... माझ्यामुळेच. दोन्ही तारा कायमच्या जोडल्या ना मी." त्यांचा चेहरा बघवेना. "आई, किती वाजता पोचायचंय?"

"सातला. आज उशीर झाला तर काम गेलं."

जावईबापू मागे गेले, दोन्ही हात डिकीवर टेकले आणि म्हणाले, "बसा आत. दुसरा गिअर टाका. मी सांगितलं की क्लच सोडा."

"हे कुठल्या व्हिडिओत पाहिलंत?"

"हे माझ्या बापाच्या गाडीला रोज लागायचं."

गल्लीला शेवटी उतार होता, पण उतारापर्यंत सगळा चढ. जावईबापूंनी ढकलली. लेकीने ढकलली. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून उघडल्या, आणि प्रत्येक खिडकीतून एकेक सल्ला आला. हात मात्र एकाही खिडकीतून आला नाही. उताराला लागल्यावर जावईबापू ओरडले, "सोडा!" मावशींनी क्लच सोडला, गाडीने एक उचकी दिली, दुसरी दिली आणि सुरू झाली. जावईबापू धावत येऊन मागच्या दारातून गाठोड्यांवर पडले. पायाच्या अंगठ्यातून रक्त येत होतं.

"चादरीला लावू नका," मावशी म्हणाल्या. "धुतलेल्या आहेत."

स्क्रीन पुन्हा जिवंत झाली होती. बाई आली, स्वागत केलं, बारा वाजले. मावशी फाट्याच्या दिशेने गाडी हाणत होत्या आणि डोकं बधिर झालं होतं. बातम्या कुठवर आल्या असतील?

"किती वाजले?"

"सहा अडतीस."

"नीट सांगा."

जावईबापूंनी फोन डोळ्यांजवळ नेला. "सहा एकोणचाळीस होतायत. का हो?"

मावशींना सांगावंच लागलं. खेळाच्या बातम्या सहा चाळीसपर्यंत, मग हवामान, फाटक, पूल. बारा वर्षांत कुणाला न सांगितलेलं त्यांनी गिअर बदलता बदलता सांगून टाकलं.

"म्हणजे मी तुमचं घड्याळ काढलं," जावईबापू हळू म्हणाले. "आणि फाटकही."

"ते रडणं नंतर. आत्ता वेळ सांगा."

जावईबापू गाठोड्यांवर मांडी घालून बसले, घसा खाकरला, आणि रेडिओवरच्या माणसासारखा भारदस्त आवाज काढला: "नमस्कार. सहा वाजून एकोणचाळीस मिनिटं, दहा सेकंद. खेळाच्या बातम्या. आजच्या गाडी ढकलण्याच्या स्पर्धेत जावयाने गल्लीवर एका अंगठ्याने मात केली."

मावशींच्या तोंडाचा कोपरा हलला. त्यांनी तो जागेवर आणला.

"एकोणचाळीस मिनिटं, पस्तीस सेकंद. फाटा समोर दिसत आहे. खेळाच्या बातम्या अजून चालू आहेत. श्रोतेहो, उजवीकडे की डावीकडे?"

मावशींनी स्टिअरिंग फाटकाकडे वळवलं. रुळांवरून गाडी धडधडत गेली, मागे घंटा वाजायला लागली आणि फाटक खाली येऊ लागलं.

"आता हवामान," मागून आवाज आला. "सासूबाईंच्या कपाळावर तीन दिवसांपासून ढग आहेत. दुपारनंतर उघडीप मिळण्याची शक्यता... कमीच."

स्टोअरकीपर दाराशी घड्याळाकडे बघत उभा होता. सातला पाच कमी. तो गाठोडी मोजून घेत म्हणाला, "आज लवकर?"

"तुम्ही खोटे पडू नये म्हणून," मावशी म्हणाल्या. "खोटं बोलायची सवय आमच्याकडे नाही." हे बोलताना कमरेचा अभ्रा त्यांना उगाच टोचला.

गाडी बंद करायची सोय नव्हती, म्हणून तिथून तशाच त्या टेपच्या फिटरकडे गेल्या. एक बल्ब, एक स्टूल, भिंतीवर टांगलेले स्पीकर, एवढं दुकान. फिटर साठीचा, चष्मा दोऱ्याने बांधलेला. तो पाय सीटवर टाकून डॅशबोर्डखाली शिरला आणि आतून त्याचा आवाज आला.

"हे कुणी केलंय?"

"आमच्या घरातल्या विद्वानांनी," मावशी म्हणाल्या.

"पिवळी तार आठवणीची. तांबडी चावीची. आधी यांनी तांबडीच्या जागी पिवळी लावली असणार, म्हणून विसरायचा. मग दोन्ही एक केल्या, म्हणून झोपायचं विसरला." तो बाहेर आला. "दहा मिनिटांचं काम होतं हो. सॉकेट घेतलं असतं तर चुकायची सोयच नव्हती. आणि हा स्क्रीनवाला लावायचं कारण काय?"

"उजवीकडून आवाज खरखरायचा," जावईबापू म्हणाले.

"मग टेपचा काय दोष? स्पीकर फाटला असेल. जुना टेप आहे का?"

जावईबापूंनी मान खाली घातली. मावशींनी डिकी उघडली आणि टॉवेल सोडला. फिटरने टेप उलटासुलटा करून पाहिला आणि तोंड भरून हसला. "हा? हा तुमच्या-माझ्यानंतरही वाजेल. दोन साधे स्पीकर टाकतो, झालं."

सॉकेट जोडता जोडता तो पुन्हा थांबला. "एक कळलं नाही. तारा चुकीच्या, मान्य. पण ही डावीकडची गोल खूण दाबली असती तरी स्क्रीन बंद झाली असती, बॅटरी एवढी उतरली नसती. रात्री बंद कुणी केला नाही?"

मावशींचा हात आपोआप कमरेकडे गेला. अभ्र्याचं एक टोक बाहेर लोंबत होतं. किती वेळ लोंबत होतं देव जाणे. जावईबापू त्या टोकाकडे बघत होते, आणि बघत नसल्यासारखं करत होते.

"मीच विसरलो," ते म्हणाले. "बंद करायचं माझ्याकडे होतं."

फिटरने मान हलवली आणि कामाला लागला. मावशी स्टुलावर बसून राहिल्या. बारा वर्षांत त्यांची बाजू कुणी घेतली नव्हती, कारण बाजू घ्यावी अशी वेळच त्यांनी कुणावर आणली नव्हती. आता हा विम्याच्या ऑफिसातला, फुटक्या अंगठ्याचा माणूस बाजू घेऊन उभा होता आणि वर त्याला वाटत होतं की ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

टेप बसला. फिटरने आपल्या बॅटरीला जोडून गाडी सुरू केली. दोन्ही बाजूंनी स्वच्छ आवाज आला, कुणीतरी बियाण्याचे भाव सांगत होतं. मावशींनी गोल बटण फिरवून पाहिलं, बंद केलं, चालू केलं, पुन्हा बंद केलं. मग त्या उठल्या, कमरेचा अभ्रा काढला, गाडीच्या बॉनेटवर सपाट केला, चारदा घडी घातली आणि तो स्क्रीनवाल्या टेपवर ठेवून ते सगळं जावईबापूंच्या हातात दिलं.

"जावईबापू, ऐका. तारा जोडण्यात तुम्ही नापास. नळात नापास, कडीत नापास. आणि खोटं बोलण्यात तर तुम्हाला शाळेतच घ्यायला नको. अभ्रा मी टाकला होता. ती मुंग्यांची अक्षरं मला वाचता येत नाहीत, आणि तुम्हाला हाक मारायची लाज वाटली. झालं? आता ते तुमच्या अंगावर घेऊ नका, माझ्या चुका उचलायला माझी कंबर अजून शाबूत आहे. हा टीव्ही न्या, आपल्या गाडीत लावा, आणि याच माणसाकडून लावा. आणि उद्या सकाळी सव्वासहाला आंघोळ करून, चपला घालून दाराशी उभे राहा. हा जुना टेप बोलतोच आहे, पण चुकून माकून घसा बसला त्याचा, तर फाट्यावर बातम्या सांगायला कुणीतरी हवं. सगळा बाजार पालथा घातला तरी तुमच्याएवढा स्वस्त रेडिओ मला दुसरा मिळायचा नाही."